उसात उंदीर झालेत: मुंगूस आणून सोडला तर चालेल का?

पाणंद_४२ (प्रश्न)

मंडळी, अडीच एकर खोडवा आहे, को ८६०३२ वाण, नववा महिना चालू. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचं सोयाबीन होतं, ते नुकतंच निघालं. तेव्हापासून उसाची खालची दोन-तीन कांडी कुरतडलेली दिसताहेत. बांधावर ताज्या मातीचे ढीग आहेत. साधारण अर्धा एकर ऊस लोळलाय आणि नुकसान तिथंच जास्त आहे.

झिंक फॉस्फाईड कणकेत मळून गोळ्या टाकल्या. पहिल्या रात्री सगळ्या गेल्या, दुसऱ्या रात्रीपासून एकही हललेली नाही. आता तीन सल्ले मिळालेत:

१) एक जण तीन-चार मुंगूस धरून आणून देतो म्हणतोय.
२) मांजरं पाळा.
३) भाकरीत थायमेट घाला.

तोडीला अजून अडीच महिने आहेत. काय करावं?

---

बांधकरी

दादा, आधी उंदीरच आहेत याची खात्री करा, कारण उसाला तोंड लावणारे बरेच आहेत. रानडुक्कर ऊस मोडतं, चघळतं आणि चोथा टाकून जातं. कोल्हाही चघळतो, पण तो ऊस आडवा करतो. साळिंदराचे दात रुंद, खुणा मोठ्या आणि खोल. उंदीर उभ्या उसाची खालची कांडी एका बाजूने पोखरतो. दातांच्या बारीक जोडखुणा दिसतात आणि बुडाशी सालीचे तुकडे पडलेले असतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून उंदीरच वाटतात, आणि मातीचे ढीग पाहता घुशीच्या जातीतला छोटा काळपट उंदीर असावा. बागायतीत हाच जास्त असतो. तो बीळ उघडं ठेवत नाही, आतून माती लावून तोंड बुजवतो. म्हणून "भोक दिसत नाही म्हणजे उंदीर नाही" असं समजू नका. ताजी, ओलसर, भुसभुशीत माती दिसली की बीळ जिवंत.

कुरतडलेल्या कांड्याचं वजन जातं ते वेगळंच. जखमेतून बुरशी शिरते, कांडं आतून लाल पडून आंबतं आणि त्या उसाचा साखर उताराही जातो. लोळलेल्या उसात नुकसान जास्त दिसतं कारण तिथं वरून घार-घुबडाला दिसत नाही आणि सगळी कांडी जमिनीलगत येतात. उंदराला चढायचे कष्टही नाहीत.

आता तुमच्या गोळ्यांचं काय झालं ते. झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लात गेलं की फॉस्फीन वायू सुटतो आणि त्याने उंदीर मरतो. पुरेसं खाल्लं तर काही तासांत. पण उंदीर नवी वस्तू पहिल्यांदा चाखून बघतो. थोडंसं खाल्लं, त्रास झाला पण मेला नाही, की तो ती चव आणि ते पीठ पुन्हा शिवत नाही. यालाच आपण बुजणं म्हणतो, आणि ते कित्येक आठवडे टिकतं. तुम्ही बिनविषारी आमिषाची सवय न लावता थेट विष दिलंत, शिवाय कणीक पाण्यात मळलीत. ओलाव्याने हे औषध हळूहळू उतरतं, म्हणजे दुसऱ्या रात्रीची गोळी बुजवायलाच जास्त कामाची. पहिल्या रात्री "सगळ्या गेल्या" त्यातल्या किती उंदरांनी नेल्या हेही सांगता येत नाही. बांधावर उघड्या ठेवलेल्या गोळ्या कुत्री आणि पक्षीही उचलतात.

म्हणून या हंगामात झिंक फॉस्फाईड पुन्हा वापरू नका. ब्रोमॅडिओलोन या सावकाश मारणाऱ्या उंदराच्या औषधाकडे या आणि पीठही बदला. गव्हाच्या कणकेला बुजलेत, तर ज्वारीची किंवा तांदळाची भरड घ्या.

क्रम असा ठेवा.

पहिल्या दिवशी संध्याकाळी बांध, पाट, ओढ्याची कड, सगळीकडची बिळं चिखलाने बुजवा आणि मातीचे जुने ढीग पायाने सपाट करा. प्रत्येक ठिकाणी एक काडी रोवा. काडी नसेल तर दुसऱ्या दिवशी अर्धी बिळं सापडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिथं नवी माती आली किंवा तोंड उघडलं ती जिवंत बिळं. फक्त तीच मोजा. औषध बिळांच्या हिशेबाने लागतं, एकराच्या नाही.

आमिष: ९६० ग्रॅम भरड, २० ग्रॅम शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल, २० ग्रॅम ब्रोमॅडिओलोन ०.२५ टक्क्याची पावडर. भरडीला आधी तेल चोळायचं, मग पावडर, म्हणजे ती दाण्याला धरते. तयार आमिषात औषध ०.००५ टक्के येतं. पाणी अजिबात नाही. एका बिळात १५ ग्रॅम, कागदाच्या पुडीत, हात जाईल तितकं आत सरकवून तोंड सैल मातीने झाका. किलोभरात पासष्ट-सहासष्ट बिळं होतात. तयार वड्या मिळतात त्याही चालतील, मात्र वडी बिळात ठेवायची, बांधावर नाही.

हे औषध रक्त गोठू देत नाही. उंदीर तीन ते दहा दिवसांत मरतो, त्यामुळे त्याला खाण्याचा आणि त्रासाचा संबंध लागत नाही आणि तो बुजत नाही. दुसऱ्या दिवशी मेलेले दिसले नाहीत म्हणून आणखी टाकू नका. दहा-बारा दिवसांनी बिळं पुन्हा बुजवून मोजा आणि जी उघडतील फक्त त्यांतच दुसरा डाव द्या.

पुढच्या हंगामासाठी झिंक फॉस्फाईडची रीतही सांगून ठेवतो: दोन दिवस नुसती तेल लावलेली भरड, बिळामागे १० ते १५ ग्रॅम. तिसऱ्या दिवशी तीच भरड, किलोला २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड (८० टक्के पावडर), बिळामागे १० ग्रॅम. चौथ्या दिवशी सकाळी उरलेलं आणि मेलेलं सगळं गोळा करून खोल पुरायचं. हंगामात एकदाच. मिश्रण उघड्यावर, वारा पाठीकडून येईल असं उभं राहून, हातमोजे आणि मास्क लावून, लाकडी काडीने करायचं. यावर उतारा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

---

सडा_आणि_झुडूप

बांधकरींनी उंदराचं सांगितलं, मी मुंगसाचं सांगतो. हा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वी उसातच होऊन गेलाय, आणि मुंगूस आपल्याच देशातून गेले होते.

१८७२ साली जमैकात विल्यम बँक्रॉफ्ट एस्प्यूट नावाच्या ऊस मळेवाल्याने भारतातून नऊ मुंगूस नेले, चार नर, पाच माद्या. कारण हेच: उसात उंदीर. तिथले उंदीरही मूळचे तिथले नव्हते, जहाजांतून आलेले. पहिली काही वर्षं उंदीर कमी झाल्यासारखे वाटले, तशी वाहवा झाली आणि इतर बेटांनी मुंगूस मागवले. १८८३ मध्ये जमैकातून ७२ मुंगूस हवाईच्या मळ्यांत गेले. फिजीतही त्याच सुमारास पोचले.

मग गाडी अडली ती दोघांच्या फिरण्याच्या वेळेवर. मुंगूस दिवसा फिरतो, उसातला उंदीर रात्री. दोघांची गाठ पडते, पण रोज नाही. वर काही उंदीर झाडांवर राहायला लागले. मुंगूस मात्र उपाशी राहिला नाही. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी, सरडे, कोंबड्या, जे सोपं होतं ते त्याने खाल्लं. त्या बेटांवर असा शिकारी कधी नव्हताच, त्यामुळे तिथल्या प्राण्यांना पळून जायची सवयही नव्हती. जमैकाचा मोठा इग्वाना १९४० च्या दशकानंतर संपलाच असं धरलं होतं. १९९० मध्ये एका कोरड्या जंगलात थोडे सापडले. हवाईत नेने नावाचं बदक-हंसासारखं पाखरू जमिनीवर अंडी घालतं, त्याच्यामागे मुंगूस आजही आहे. कॅरिबियनमधल्या काही बेटांवर मुंगूस रेबीज पसरवतो, म्हणजे उंदराच्या जागी दुसरंच दुखणं बसलं.

एवढं माहीत असूनही जपानने १९७९ मध्ये अमामी ओशिमा बेटावर तीसेक मुंगूस सोडले, हाबू या विषारी सापावर. हाबूही निशाचर. मुंगसांनी साप सोडून तिथले दुर्मीळ काळपट ससे खाल्ले. ते मुंगूस संपवायला सापळे, शिकवलेली कुत्री आणि खास नेमलेली माणसं लागली, आणि बेट मुंगूसमुक्त झाल्याचं जाहीर झालं ते २०२४ च्या सप्टेंबरात. सोडायला एक दिवस लागला होता.

उसाचंच आणखी एक. आपल्याकडे हुमणी, तशी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या उसाला भुंगेऱ्याची अळी. १९३५ मध्ये हवाईतून शंभरेक मोठे विषारी बेडूक आणून वाढवले आणि सोडले. अळी जमिनीखाली, भुंगेरा उसाच्या शेंड्यावर, बेडूक मध्ये बांधावर. हुमणी तशीच राहिली. बेडूक आज उत्तर ऑस्ट्रेलियात दूरवर पसरलेत आणि त्यांना खाणारे तिथले प्राणी विषाने मरतात.

तुम्ही म्हणाल, मुंगूस आपल्याकडचाच, मग कसलं परकं? बरोबर. जमैकासारखा अनर्थ इथं होणार नाही. पण उपयोगही होणार नाही, त्याचं कारण वेगळं. तुमच्या ओढ्याला मुंगूस आधीपासून असणारच. किती असावेत हे अन्न आणि बिळाच्या जागा ठरवतात. बाहेरून आणलेले चार तिथं टिकणार नाहीत, ते पांगतील किंवा जवळच्या खुराड्यात शिरतील. आणि मुख्य म्हणजे मुंगूस वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. धरणं, विकणं, विकत घेणं, तिन्ही गुन्हे. जो माणूस आणून देतो म्हणतोय त्याला नाही म्हणा.

---

गोठा_नं_३

थायमेटचं कुणी सांगितलं त्याच्या पाया पडा आणि घरी पाठवा. ते पिकातल्या किडीचं औषध होतं (२०२० अखेर त्यावर बंदी आली), उंदराचं नाही. भाकरीतून कुत्री, मोर, घारी मरतात, आणि त्याच्या वासाच्या भाकरीला उंदीर बऱ्याचदा तोंडही लावत नाही. सिमेंट-पीठ, काचेचा चुरा, आवाज काढणारी यंत्रं, यांचाही शेतात उपयोग शून्य.

मांजर घरात आणि गोदामात ठीक. उसात मांजर उंदरापेक्षा सरडे आणि पाखरं जास्त मारतं. मोठा झालेला घुशीच्या जातीचा उंदीर मांजराच्या अंगावरही येतो. धामण दिसली तर मात्र मारू नका. ती बिळात शिरते, मांजराला ते जमत नाही.

---

पाणंद_४२

खूप आभार सगळ्यांचे. मुंगूसवाल्याला नाही कळवलं. दोन शंका. गव्हाणी घुबडासाठी पेटी लावतात असं ऐकलंय, ती ब्रोमॅडिओलोनबरोबर चालेल का? आणि ऑस्ट्रेलियात उंदरांचा पूर आला तेव्हा त्यांनी झिंक फॉस्फाईडचा डोस दुप्पट केला म्हणे, मग आपण दोन टक्क्यांवर का अडलोय?

---

रातवा

घुबडाचं उत्तर: एकाच वेळी नाही.

ब्रोमॅडिओलोन उंदराच्या यकृतात राहतं. उंदीर मरायला जे काही दिवस घेतो त्यात तो सुस्तावून दिवसाउजेडीही बाहेर हिंडतो, आणि घुबड, घार, मुंगूस, धामण नेमकी अशाच सोप्या उंदराला धरतात. दोन-चार असे उंदीर पोटात गेले की घुबडही रक्तस्रावाने मरू शकतं. म्हणून ते औषध बिळातच द्यायचं, मेलेले रोज सकाळी उचलून पुरायचे आणि डाव मर्यादित ठेवायचे. झिंक फॉस्फाईड शरीरात साठत नाही, त्यामुळे त्या बाबतीत ते बरं. अर्थात उंदराच्या पोटात न पचलेलं आमिष असतं, ते कुत्र्याला बाधतं.

पेटी लावायची तर तोड झाल्यावर लावा. साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच लाकडी खोकं, एका कोपऱ्यात सहा इंचांचं भोक. भोक तळापासून निदान आठ-नऊ इंच वर असावं, नाहीतर पिल्लं पडतात. छप्पर उतरतं, तळाला पाणी निघायला बारीक छिद्रं, आत लाकडाचा भुसा. पंधरा फूट उंच खांबावर, तोंड पावसाच्या विरुद्ध दिशेला. खांबाला पत्र्याचा पट्टा गुंडाळा म्हणजे मांजर चढत नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याजवळ लावू नका. घुबड धरून आणून आत बसवायचं नाही, तोही गुन्हाच. शिवारात असेल तर आपणहून येतं. कधी एका हंगामात येतं, कधी दोन-तीन हंगाम पेटी रिकामी राहते.

गव्हाणी घुबड रात्री दोन-तीन उंदीर मारतं, पिल्लं असताना जास्त. म्हणजे आज फुटलेला उपद्रव ते आवरणार नाही, पण पाडलेली संख्या पुन्हा वर यायला वेळ लावतं. आणि हेही स्थानिक असल्यामुळे ठीक. हवाईने १९५८ पासून हेच घुबड उसातल्या उंदरांसाठी बाहेरून आणलं, तिथं ते आता समुद्रपक्षी खातं. गव्हाणी घुबड चांगलं की वाईट हे कुठल्या गावी आहे त्यावर ठरतं.

---

बांधकरी

डोसचं मी सांगतो. ऑस्ट्रेलियातला प्राणी वेगळा. तो घरात दिसतो तो छोटा उंदीर, १७८८ मध्ये पहिल्या वसाहतवाल्यांच्या जहाजांबरोबर गेलेला. सहा आठवड्यांत वयात येतो, एकोणीस-वीस दिवसांत वितो, एका वेतात सहा ते दहा. सुगीचं धान्य शेतात सांडलेलं, थंडी कमी, पाऊस चांगला असं जुळून आलं की हेक्टरी आठशे-हजार होतात, त्याला ते पूर म्हणतात. २०२१ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये एक तुरुंग रिकामा करायची वेळ आली होती, उंदरांनी वायरी आणि छत कुरतडलं म्हणून.

तिथं आमिष बिळात देत नाहीत, यंत्राने फेकतात: झिंक फॉस्फाईड चोळलेला गहू हेक्टरी एक किलो, म्हणजे चौरस मीटरला दोन-तीन दाणे. उंदराला एखादाच दाणा मिळणार, तेव्हा त्या एका दाण्यात मरण्याइतकं औषध हवं. किलोला २५ ग्रॅमच्या दाण्याने सगळे मरेनात आणि वाचलेले बुजायचे. तुमच्या गोळ्यांचं झालं तेच. म्हणून किलोला ५० ग्रॅमची तातडीची परवानगी निघाली. आपण पुडीत दहा ग्रॅम भरड देतो, उंदीर अनेक दाणे खातो, त्यामुळे दोन टक्के पुरतात. डोस वाढवला तर वास आणि कडवटपणा वाढून तो पुडीच सोडून देईल. आणि तिथल्या सरकारने शेतकऱ्यांसाठी ब्रोमॅडिओलोन शेताच्या कडेला वापरायची मागणी केली तेव्हा औषध नियामकाने ती फेटाळण्याचा निर्णय घेतला, रातवांनी सांगितलं त्याच कारणाने. उंदीर खाऊन इतर प्राणी मरतील म्हणून.

आता तुमच्या अडीच महिन्यांचं. एकट्याने केलं तर शेजारच्या बांधावरचे काही आठवड्यांत रिकामी बिळं धरतात. आपल्या उसातल्या उंदराची मादी तीन आठवड्यांच्या आसपास विते, वेताला पाच ते आठ पिल्लं, आणि पाण्याखालच्या रानात जवळपास वर्षभर. त्यामुळे ओढ्याकाठच्या चार-पाच जणांनी एकाच संध्याकाळी बिळं बुजवायची आणि एकाच दिवशी आमिष द्यायचं. सोयाबीनवाल्या शेजाऱ्याला आधी गाठा, त्याचं रान आता मोकळं आहे, बिळं दिसतात. हरभरा पेरल्यावर पुन्हा लपतील.

लोळलेल्या अर्ध्या एकरातलं वाळलेलं पाचट काढून बाहेर आणा, कडेच्या दोन-तीन सऱ्या तरी मोकळ्या करा. बांध एका फुटापेक्षा रुंद असतील तर तोडीनंतर खणून बारीक करा, रुंद बांधात बिळाची फाटे-फाटे असलेली वसाहत होते. अशा बिळात साठवलेली कणसं नि दाणे सापडतात, ते उचलून जाळा, नाहीतर आमिषाला कोण विचारतो. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या बिळात घालायचा मोह होईल. त्या परवानाधारक, शिकलेल्या माणसाशिवाय हाताळायच्या नाहीत. घरात चुकून वायू सुटून माणसं गेलेली आहेत.

तोडीच्या वेळी टोळीला दोन्ही कडांनी आत तोडत यायला सांगा. उंदीर मधल्या पट्ट्यात गोळा होतात, तिथं कुत्री आणि काठ्या घेऊन माणसं उभी करा. एका कडेने तोडत गेलात तर सगळे शेजाऱ्याच्या उसात जातात आणि फुटव्याच्या वेळी परत येतात. पुढचा मोठा डाव एप्रिल-मे मध्ये, पहिल्या पावसाआधी. तेव्हा रानात खायला कमी असतं, आमिष लगेच उचललं जातं आणि संख्याही सगळ्यात कमी असते.

एक राहिलं. ओल्या सरीत अनवाणी काम नको. उंदराच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो, पायाच्या भेगेतूनही जंतू शिरतात. गमबूट घाला, मेलेला उंदीर हाताने न उचलता पिशवी उलटी करून धरा. पंधरा दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं कुणाला झालं तर डॉक्टरांना उसात काम केल्याचं आणि औषध हाताळल्याचं, दोन्ही सांगा. ब्रोमॅडिओलोन पोटात गेल्यास व्हिटॅमिन के-१ चा उतारा आहे, पण तो दवाखान्यातच मिळेल; जाताना औषधाचं पाकीट बरोबर न्या. आमिष कालवलेली पाटी आणि काडी पुन्हा घरात आणू नका.